मानशीचं पाणी मोजायचंय? मग आधी तिथी बघा

प्रश्न थोडक्यात असा आला होता: गोव्यात तिसवाडीत मांडवीच्या काठाला गाव, गावाला खाजन म्हणजे नदीकाठची बांध घालून राखलेली सखल शेतजमीन, दोन वर्षं झाली शेतात खारं पाणी घुसतंय, बांधाजवळच्या दोन विहिरींच्या पाण्यालापण मचूळ चव लागायला लागलीय. नदीचा महिन्याचा सरकारी रिपोर्ट बघितला तर त्यात सगळं ठीकठाक. गावात सगळे मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाज्याच्या, कंत्राटदाराला शिव्या घालतायत आणि ग्रामसभेत विषय मांडायचा तर हातात आकडे पाहिजेत. तर मशीन कुठलं घेऊ, कुठं कुठं मोजू, बजेट दहा हजारांच्या आत.

मशीनचं शेवटी सांगतो, ते सगळ्यात सोपं आहे. मी सव्वीस वर्षं हेच करतोय, आधी लॅबमध्ये बाटल्या तपासत होतो, मग बाटल्या भरायला स्वतः जायला लागलो, आणि तेव्हा कळलं की लॅबमध्ये बसून मी काय काय गाढवपणा केला होता. गोव्यात पाण्याचा आकडा समोर आला की मी पहिला प्रश्न "कुठला" असा विचारत नाही, "कधीचा" असं विचारतो. तारीख नुसती नको, भरती होती की सुकती (ओहोटी), उधाणाचे दिवस होते की भांगाचे (भरती कमी चढते ते, सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे), हे पाहिजे. ते नसेल तर तो आकडा माझ्या लेखी कचरा, मग मशीन लाखाचं असू दे नाहीतर हजाराचं.

कारण असं की आपली नदी म्हणजे नुसती नदी नाहीच. मांडवीत भरतीचा जोर मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, पार गांजेपर्यंत जाणवतो. पावसाळ्यात वरून इतकं गोडं पाणी येतं की पणजीजवळसुद्धा वरचा थर गोडा आणि तळाला खारं असं दोन मजली प्रकरण होतं, आणि पाऊस संपला की खारं पाणी हळूहळू वर सरकत जातं, एप्रिल-मे महिन्यात सगळ्यात आत. म्हणजे एकाच धक्क्यावर उभं राहून तुम्ही सकाळी मोजलं तर एक आकडा, सहा तासांनी मोजलं तर दुसरा, आणि दोन्ही खरे.

आता सरकारी रिपोर्टचं. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. महिन्यातून एकदा ऑफिसच्या वेळेत जीप जाते, ठरलेल्या पुलावरून बादली सोडतात, बाटली भरतात, विषय संपला. समजा दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी अकराला नमुना घेतला. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, आपला महिना तीस-एकतीसचा, म्हणजे दर महिन्याला भरती त्या अकराच्या ठोक्यापासून थोडी थोडी सरकत जाते, आणि वर्षभरात अकरा दिवसांचा फरक पडतो, तोच फरक ज्याच्यासाठी पंचांगात अधिक महिना घालावा लागतो. झालं काय, तर वर्षभराच्या आलेखात खारटपणा हळूहळू चढताना किंवा उतरताना दिसतो आणि लोक म्हणतात बघा ट्रेंड. त्यात नदी किती बदलली आणि चंद्र किती सरकला हे वेगळं काढल्याशिवाय त्या ट्रेंडला अर्थ नाही. मी स्वतः असा एक आलेख एका मीटिंगमध्ये दाखवलेला आहे, लेझर पॉइंटर वगैरे घेऊन. मागच्या रांगेत बसलेल्या रापण ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या मच्छीमारानं विचारलं की हे पाणी घेतलं तेव्हा तीथ कुठली होती. मला सांगता आलं नाही.

शिवाय तो रिपोर्ट मुख्यतः बीओडी, कोलिफॉर्म, विरघळलेला ऑक्सिजन यासाठी असतो, म्हणजे मैलापाणी आणि कारखान्याचं पाणी पकडण्यासाठी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यात गोव्याचे ११. ती यादी कामाचीच आहे. पण तुमच्या शेतात खारं पाणी का आलं हे ती सांगणार नाही, नदी तिच्या जागी एकदम निरोगी असेल आणि तरी शेत मरेल.

तर तुम्ही काय करायचं. आधी भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, कालनिर्णय असेल तर उत्तम, तिथी पाहिजे. जुना हिशेब सगळ्यांना माहीत असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. आपल्याकडे ती त्याच्या थोडी अलीकडे येते, आणि नदीतून आत तुमच्या बांधापर्यंत पोचायला परत वेळ लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरतीचं कोष्टक मुरगाव बंदरासाठी मिळतं ते घ्या, आणि एक पूर्ण दिवस मानशीवर बसून बघा की मुरगावच्या वेळेपेक्षा तुमच्याकडे भरती किती मिनिटं उशिरा पोचते. तो फरक एकदा वहीत लिहून ठेवला की पुढचं सगळं सोपं होतं. बांबूवर सेंटिमीटरच्या खुणा करून तो मानशीच्या बाहेर नदीच्या बाजूला ठोका, दुसरा आत पोयीत, म्हणजे मानशीच्या आतल्या पाण्याच्या खोलगट भागात. दोन बांबू. अर्धं काम या दोन बांबूंनी होतं, मी थट्टा करत नाहीये.

मानस कशी चालते हे गावातल्या तरुण पोरांना आजकाल माहीत नसतं म्हणून सांगतो. लाकडी फळ्यांचे दरवाजे असतात, असे टांगलेले की सुकतीला आतलं पाणी त्यांना बाहेर ढकलून निघून जातं आणि भरती चढायला लागली की बाहेरचं पाणीच त्यांना दाबून बंद करतं. वीज नाही, मोटर नाही, पिढ्यान्पिढ्या चालू आहे. मासळीसाठी कंत्राटदार भरतीला दरवाजा उघडून पाणी आत घेतो आणि सुकतीला जाळं लावतो, आणि त्याच्यासाठीच पावणी म्हणजे लिलाव होतो, पैसे भरलेले असतात. किती पाणी घ्यायचं याला पूर्वी गावाची शिस्त होती, पोयीच्या बाहेर खारं पाणी चढायचं नाही. आता मासळीला, कोळंबीला भाव आणि भाताला मजूर मिळत नाही, तेव्हा शिस्त कुठं ढिली पडते ते सांगायला नको. त्यामुळे तुमचा कंत्राटदारावरचा संशय अगदी हवेतला नाही. पण.

एक किस्सा सांगतो, गाव नाही सांगत. अशीच तक्रार, असाच कंत्राटदार, आणि मी गेलो तोच मुळी त्याला पकडायला. आठ दिवस रोज सकाळी मानशीपाशी मोजलं, आत, बाहेर, पोयीत. काही सापडेना. मानस राखणारा वयस्क माणूस, तो रोज बघायचा आणि हसायचा. एके दिवशी म्हणाला, "बाब, आज भांग आसा, आज कितें मेजतलो?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की मी सगळी मापं सप्तमी-अष्टमीच्या आसपास घेतलीत, जेव्हा भरती मुळात चढतच नाही. मग अमावस्येला रात्री गेलो. साडेबारा-एकचा सुमार, भरती पूर्ण चढलेली, आणि त्यानं मला मानशीकडे नेलंच नाही, उलट टोकाला बांधाच्या वळणावर नेलं. टॉर्च खाली धरला. बांधाच्या शेताकडच्या पायथ्याला, गवतात, चूळ भरल्यासारखं पाणी बुडबुड करत वर येत होतं. अंगठा जाईल एवढं भोक. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी केलेलं. खारटपणा मोजायचं पेन बुडवलं तर आकडा नदीच्या पाण्याएवढाच, आणि तिथून वीस पावलांवर चरात मोजलं तर त्याच्या निम्मा, पुढं आणखी कमी. अशी तीन भोकं त्या वळणावर होती. उधाणाच्या चार-पाच दिवसांतच वाहायची, भांगाला कोरडी, म्हणून दिवसा बांधावरून फिरणाऱ्या कुणालाच दिसली नव्हती. कंत्राटदार धुतल्या तांदळासारखा होता असं नाही, त्यानं दोन फळ्या काढून ठेवलेल्या होत्या हेही त्याच रात्री बघितलं. पण ज्या टोकाचं शेत मेलं होतं ते कुर्ल्यांनी मारलं होतं.

जाता जाता, दुर्भाट, बोरी भागात पौष अमावस्येला खाजनात चिखलाची मगर करून पुजतात, मानगे थापणी. बांध राखणारी म्हणून. अमावस्या म्हणजे उधाणाचा दिवस, म्हणजे सगळा गाव वर्षातून एकदा नेमका उधाणाच्या तिथीला खाजनात उतरतो आणि बांध डोळ्याखालून घालतो. हा माझा अंदाज हां, देवाचं कारण वेगळं असेल, पण इन्स्पेक्शनसाठी याच्यापेक्षा चांगला दिवस मला नेमून देता आला नसता.

म्हणून मोजायच्या जागा अशा धरा. मानशीच्या बाहेर एक, पोयीत एक, मग मुख्य चराच्या कडेनं शेतात आत जाताना तीन-चार, आणि बांधाच्या पायथ्यानं दर पन्नास पावलांवर एक. प्रत्येक जागेला खुंटी ठोकून नंबर द्या, फोनवर जीपीएस नोंदवा, आणि दरवेळी तिथंच मोजा, अंदाजानं नको. महिन्यातून दोन फेऱ्या पुरे पण दोन्ही ठरवून, एक उधाणाच्या पूर्ण भरतीला आणि एक सुकतीच्या शेवटाला. खारं पाणी मानशीतून येत असेल तर आकडे मानशीपासून शेताकडे उतरत जातील. बांधातून येत असेल तर मानशीपासून लांब कुठेतरी मधेच आकडा उडी मारेल. एवढाच सगळा तर्क आहे. जानेवारी ते मे नेमानं करा, पावसात तुम्हाला सगळीकडे गोडंच दिसणार.

मातीचं वेगळं. पाणी आज आहे उद्या नाही, मीठ मातीत राहतं. शेताच्या पाच-सहा ठिकाणची वरची १५ सेंटिमीटर माती घ्या, मिसळा, सावलीत वाळवा, एक भाग माती पाच भाग डिस्टिल्ड वॉटर, बाटलीत तासभर हलवा, निवळू द्या, वरच्या पाण्यात पेन बुडवा. हा आकडा लॅबच्या आकड्याशी ताडून बघू नका, लॅबवाले संपृक्त लगद्याचं माप देतात, ते बरंच मोठं असतं. लगद्याच्या मापात ४ डेसिसीमेन्सच्या (खारटपणाचं एकक) वर गेली की जमीन क्षारपड धरतात, आणि साधं भात ३ च्या पुढं गेलं की उतारा द्यायला कुरकुर करतं. कोरगूट, आपलं खाजनातलं जुनं भात, जास्त सोसतो, त्यासाठीच तो खाजनात टिकला. जुन्या गोव्याला एलाच्या कृषी संशोधन संस्थेनं गोवा धान नावाची क्षार सोसणारी वाणं काढलीत, तिथं मातीचा एक नमुना घेऊन जाच, माणसं बोलतात नीट. मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि मृगाचा पाऊस चांगला पडून गेल्यावर परत एकदा माती मोजा. पावसानं मीठ धुऊन निघालं पाहिजे, नाही निघालं तर सुकतीला पाणी बाहेर जात नाहीये, म्हणजे चर बुजलेत किंवा मानशीत गाळ बसलाय. डिचोली, सत्तरीकडून येणाऱ्या उपनद्यांत खाणींच्या काळातला लाल गाळ किती उतरला ते तुम्हाला मी सांगायला नको.

विहिरी. इथं घाई करू नका, कारण विहीर मचूळ व्हायची दोन अगदी वेगळी कारणं असतात. एक म्हणजे खारं पाणी जमिनीखालून येणं. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, आणि ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर खाली चाळीस मीटर गोडं पाणी मिळतं. उलटं वाचा: उपसा करून पातळी एक मीटर उतरवली की खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर यायला मोकळं. प्रत्यक्षात इतकं सरळ होत नाही, पण दिशा तीच. तेव्हा गावात कुणी बोअर मारून टँकर भरतंय का, नव्या वसाहतीचा पंप रात्रभर चालतोय का, ते बघा. २००२ पासून गोव्यात भूजल नियमनाचा कायदा आहे, विहीर-बोअर नोंदणी आणि परवानगी लागते, माहितीच्या अधिकारात यादी मागता येते.

दुसरं कारण म्हणजे शोषखड्डा. आपला चिरा (जांभा दगड) म्हणजे स्पंज, शेजाऱ्याचा संडास आणि तुमची विहीर यांच्यात जे अंतर कागदावर दिसतं ते चिऱ्यातल्या भेगांना माहीत नसतं. मैलापाण्यानंसुद्धा क्लोराइड वाढतं. फरक ओळखायचा तर लॅबमध्ये क्लोराइडबरोबर नायट्रेट आणि ई-कोलाय पण करून घ्या. क्लोराइड भरपूर आणि नायट्रेट नगण्य तर समुद्राकडे बघा, दोन्ही वाढलेलं आणि वर ई-कोलाय तर शेजाऱ्याकडे. पिण्याच्या पाण्याचं प्रमाण असं: क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा पर्याय नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात, नायट्रेट ४५ च्या वर अजिबात नको. आणि विहिरीचा नमुना वरून कळशीनं घेऊ नका, पावसाचं गोडं पाणी वर तरंगत असतं. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी, तळाशी सोडून मग बूच ओढा. वरचा आणि तळाचा असे दोन नमुने. ई-कोलायसाठी मात्र लॅबचीच निर्जंतुक बाटली, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी पोचली पाहिजे. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत आणलेला नमुना मी स्वतः कित्येकांना परत दिलाय, तोंड वाकडं करून जायची बिचारी माणसं.

जमीन बघायला पैसे लागत नाहीत. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट आहेत, दर पाच दिवसांनी एक, दहा मीटरचा ठिपका, भराव आणि बुजलेले चर त्यात कळतात. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, आणि भराव टाकणाऱ्यांनाही ते बहुतेक माहीत असावं, कारण गणपतीच्या सुट्टीत सगळ्यात जास्त ट्रक फिरतात असं आपलं माझं निरीक्षण. फोटो काढा, सर्व्हे नंबर लिहा, एक-चौदाचा उतारा जोडा. कुळाची शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायला १९९१ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास कलम आहे, खाजनाचे नकाशे करायचे, खाजन राखायचं, त्यात बांधकाम नाही.

त्याच संदर्भात एक गोष्ट जी ऐकून लोक चिडतात. बांध फुटून खारं पाणी दोन-चार वर्षं राहिलं की शेतात खारफुटी उगवते. हिरवीगार, बगळे येतात, फोटो छान येतात. आणि मग ती कायद्यानं संरक्षित. हजार चौरस मीटरच्या वर खारफुटी झाली की पन्नास मीटरचा बफर. म्हणजे बांध वेळेत नाही दुरुस्त केला तर शेत परत मिळवणं जवळजवळ अशक्य. मला खारफुटी आवडते, बांधाच्या नदीकडच्या बाजूला ती असलीच पाहिजे, लाटा तीच अडवते. पण भाताच्या शेतातली खारफुटी बघून "निसर्गानं परत घेतलं" वगैरे लिहिणाऱ्यांनी एकदा त्या कुळाच्या घरी चहाला जावं. तुमच्याकडे दोन वर्षं झालीत म्हणताय, तेव्हा शेतात रोपं दिसायला लागलीत का ते उद्याच बघा, आणि कूळ संघाकडून कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाला बांधाचं पत्र आजच जाऊ द्या, आकडे जमा होईपर्यंत थांबू नका.

ग्रामसभा आणि कोर्ट. तुमचे आकडे कोर्टात थेट पुरावा म्हणून चालतील असं धरू नका. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे एखाद्याच्या सोडलेल्या पाण्याचा नमुना अधिकाऱ्यानं नोटीस देऊन घ्यायचा असतो, दोन भाग, सील, सही, असं सगळं. तुमच्या वहीचा उपयोग अधिकाऱ्याला योग्य रात्री योग्य जागी उभं करण्यासाठी. "अमुक अमावस्येला, अमुक वाजता, बांधाच्या सतरा नंबरच्या खुंटीपाशी या" असं पत्र गेलं की "पाहणी केली, काही आढळलं नाही" हा शेरा मारणं जड जातं. हरित लवादाकडे जायचं झालं तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, फार तर वर साठ दिवस, म्हणून वहीत पहिल्यांदा कधी दिसलं ती तारीख ठळक लिहा. आणि कंत्राटदाराला वहीची एक प्रत द्या. खरंच. त्याला पकडायला नाही, त्यालापण फुटका बांध नकोच असतो, पोयीतली मासळी त्याच भोकांतून निसटते.

आता मशीन. साधं टीडीएस पेन मिळतं ते नको, ते बहुतेक ९९९० पीपीएमला थांबतं आणि समुद्राचं पाणी त्याच्या तिपटीच्या वर असतं. ईसी म्हणजे विद्युतवाहकता मोजणारं, मायक्रोसीमेन्स आणि मिलिसीमेन्स दोन्ही दाखवणारं, तापमानाची भरपाई आपोआप करणारं पेन घ्या. भरपाई नसेल तर दर अंशाला जवळजवळ दोन टक्क्यांची चूक, दुपारी आणि रात्री पाणी सारखं असूनही आकडे वेगळे येतील. समुद्राचं पाणी पन्नास मिलिसीमेन्सच्या आसपास, चांगली विहीर पाचशे मायक्रोसीमेन्सच्या आत, म्हणजे शंभर पटींचा फरक आणि एककाच्या एका अक्षरात हजार पटींची चूक, मी केलेली आहे, म्हणून दरवेळी एकक लिहायचंच. सोबत १४१३ मायक्रोसीमेन्सचं कॅलिब्रेशन द्रावण, डिस्टिल्ड वॉटर, पेन्सिल (बॉलपेन पावसात पसरतं), आणि एक डोक्याला लावायचा टॉर्च. दहा हजारांत बसून पैसे उरतील, उरलेल्यात गमबूट. रात्री एकटे जाऊ नका, कुंभारजुव्याच्या बाजूला असाल तर अजिबातच नको, तिथल्या मगरी चिखलाच्या नाहीत.

आणि फेरी संपली की पेन घरी नेऊन नळाच्या पाण्यानं धुवा, मग डिस्टिल्डनं, टिपा आणि मगच टोपण लावा. माझी पहिली दोन पेनं मिठानं खाल्ली.